माळी समजून

बायबलमधली येशूचं जीवन सांगणारी चारही शुभवर्तमानं वाचून काढली तरी येशू कबरेतून उठतो तो क्षण कुठेच सापडत नाही. क्रूसावरचं मरण बारकाईने सांगितलं आहे. शिपायांनी कपडे कसे वाटून घेतले, चिठ्ठ्या कशासाठी टाकल्या, क्रूसावरची पाटी कोणकोणत्या भाषांत होती, सगळं आहे. मग शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा, दिवस येतो आणि जातो. रविवारी पहाटे बाया कबरेपाशी पोहोचतात तेव्हा दगड आधीच सरकलेला असतो. मधली रात्र कोरी आहे. तिथे कोणी नव्हतं, आणि लिहिणाऱ्यांनी असल्याचा आव आणला नाही.

माझ्या श्रद्धेला या कोऱ्या जागेचा फार आधार वाटतो. गोष्ट रचायचीच असती, तर सगळ्यात आधी हाच प्रसंग रचला गेला असता. आणि तो पुढे खरोखर रचला गेलाही. दुसऱ्या शतकात येशूचा शिष्य पेत्र याच्या नावावर लिहिलेलं एक शुभवर्तमान आहे. त्याचा तुकडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इजिप्तमध्ये सापडला. त्यात कबरेतून तीन पुरुष बाहेर पडतात, त्यांची डोकी आभाळाला भिडतात, मागून क्रूस चालत येतो आणि बोलतोसुद्धा. पहारेकरी हे सगळं डोळ्यांनी बघतात. चर्चने हे पुस्तक पवित्र शास्त्रात घेतलं नाही. घेतली ती चार साधी, एकमेकांशी तपशिलात न जुळणारी, अर्धवट वाटणारी कथनं. त्यातलं मार्कचं तर सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या दोन प्रतींत, एका विलक्षण ओळीवर थांबतं: बाया थरथरत कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढची बारा वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, पहिला वृत्तान्त असा भेदरून पळणाऱ्या पायांचा आहे.

आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांना ईस्टरआधीचा उपवासकाळ चांगला जमतो. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून घरातलं वातावरण बदलतं. शुक्रवारी क्रूसाची वाट, मटण-मासळी बंद, लग्नं बंद, झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी घरात जपून ठेवलेली. गुड फ्रायडेला चर्चच्या आवारात उभं राहायला जागा नसते. शनिवारी रात्रीचा जागरणविधीही भरगच्च असतो. आवारात नवा अग्नी पेटतो, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि पाच जखमांच्या खुणा म्हणून पाच धूपाचे खडे खोचलेले असतात. अंधारलेल्या चर्चमध्ये ती एकटी ज्योत आत जाते आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. मग ते प्राचीन स्तवन सुरू होतं, ‘हीच ती रात्र’ असं पुन्हा पुन्हा म्हणणारं. त्यात मेण देणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढलेली आहे, हे मला फार आवडतं. माझी आजी सांगायची की तिच्या तरुणपणी हा सगळा विधी शनिवारी सकाळी व्हायचा, लॅटिनमध्ये, लख्ख उजेडात, मोजक्या माणसांसमोर. खरंच तसं होतं. शतकानुशतकं ‘हीच ती रात्र’ सकाळच्या उन्हात गायलं जात होतं. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये तो विधी रात्री करायला परवानगी दिली आणि 1956 पासून सगळीकडे तसा तो होऊ लागला.

पण रविवारी दुपारी जेवणं झाली की आपल्या लेखी ईस्टर संपतो. सोमवारी सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ठरलेली म्हातारी माणसं तेवढी येतात. त्यानंतर लग्नसराई सुरू होते, आंबे, फणस, पाहुणे, पावसाळ्याची बेगमी. उपवासाचे चाळीस दिवस आपण मोजून पाळतो. पुनरुत्थानाचा काळ त्याहून मोठा, पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा आहे, आणि तो मात्र कोणाच्या लक्षातही राहत नाही. चर्चने हा काळ इतका लांब का ठेवला असेल, याचं उत्तर मला त्या पहिल्या आठवड्यातल्या रोजच्या वाचनांनी दिलं. एका दिवसात कोणालाच पटलेलं नाही. ज्यांनी येशूबरोबर भाकर खाल्ली, रस्ते तुडवले, त्यांनाही तो समोर उभा असताना ओळखू आला नाही. वेळ लागला, आणि तो वेळ त्याने त्यांना दिला.

माझे बाबा गेले ते उपवासकाळात. दफनविधी झाला, घर भरलं आणि रिकामं झालं, आणि पाठोपाठ पवित्र आठवडा आला. त्या वर्षीच्या आलेलुयाला माझ्या गळ्यातून आवाज निघाला नाही. पण सोमवारपासून मी रोज सकाळी मिस्साला जाऊ लागले. श्रद्धेपेक्षा घरात बसवत नव्हतं म्हणून. मंगळवारचं शुभवर्तमान दर वर्षी तेच असतं, योहानाच्या विसाव्या अध्यायातलं. मग्दालिया मरिया कबरेबाहेर रडत उभी आहे. ती वळते, येशू उभा दिसतो, पण तो येशू आहे हे तिला कळत नाही. तो विचारतो, बाई, का रडतेस? कोणाला शोधतेस? आणि तिला वाटतं हा इथला माळी असावा. ती म्हणते, दादा, तुम्ही त्याला इथून नेलं असेल तर कुठे ठेवलंय तेवढं सांगा, मी घेऊन जाईन.

हे वाक्य मी तोवर किती वेळा ऐकलं असेल. त्या सकाळी पहिल्यांदा त्यातली असहायता कानाला लागली. एकटी बाई एका पुरुषाचा मृतदेह उचलून नेणार होती का? कुठे नेणार होती? शोकात माणूस असंच बोलतं. जे शक्य नाही ते ‘मी करते’ म्हणतं, कारण काहीही न करता उभं राहणं त्याहून कठीण असतं.

आणि माळी. आमच्या घरची वाडी आहे; केळी, मोगरा, थोडी पानवेल, कडेला चाफा, मागे बावखल, म्हणजे पाण्याचं छोटं तळं. बाबा पहाटे उजाडायच्या आत वाडीत असायचे. मोगऱ्याच्या कळ्या उन्हाआधी खुडायच्या असतात, फुलांची टोपली पहिल्या गाड्यांनी मुंबईच्या बाजारात पोहोचायची असते. त्या अर्धवट उजेडात केळीआड वाकलेलं माणूस बाबा आहेत की कामाला आलेला गडी, हे पाठीवरून सांगता यायचं नाही. हाक मारली, की ते मान न वळवता माझं नाव घ्यायचे, आणि मग कळायचं. त्यामुळे मरियेने येशूला माळी समजावं यात मला कधी नवल वाटलं नाही. पहाट होती, बाग होती, डोळे पाण्याने भरलेले होते. योहान मुद्दाम सांगतो की क्रूसावर चढवलं त्या जागी एक बाग होती आणि त्या बागेत ती नवी कबर होती. शास्त्राचं पहिलं पान उघडलं की तिथेही बाग आहे, आणि देव संध्याकाळच्या गारव्यात तिथून चालतो आहे. जुन्या काळच्या अनेक प्रवचनकारांनी म्हटलं आहे की मरिया फारशी चुकलेली नव्हतीच. पण मला त्या अर्थापर्यंत जायची घाई नव्हती. मला तेवढंच हवं होतं की मेलेल्यांतून उठलेला तो, पहिल्यांदा दिसला तेव्हा, पहाटे बागेत काम करणाऱ्या माणसासारखा दिसला.

मग तो ‘मरिया’ म्हणतो. एवढंच. कोणताही पुरावा नाही, युक्तिवाद नाही, तेजोवलय नाही. आणि ती ओळखते.

या मरियेवर आपण लोकांनी बराच अन्याय केला आहे. इ.स. 591 मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकच्या शुभवर्तमानातल्या पापी स्त्रीशी एकरूप केलं, आणि पुढची चौदाशे वर्षं चित्रांत, प्रवचनांत, लोकांच्या तोंडी ती पश्चात्ताप करणारी वेश्या म्हणूनच राहिली. शुभवर्तमानात तसं कुठेही म्हटलेलं नाही. तिथे ती क्रूसापाशी टिकून राहिलेली आहे, कबरेपाशी सर्वांत आधी आलेली आहे, आणि ‘जा, माझ्या भावांना सांग’ हा निरोप मिळालेली पहिली व्यक्ती आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, सणांचा दर्जा दिला तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. त्या काळच्या यहुदी समाजात बायकांची साक्ष धरली जात नसे. दुसऱ्या शतकातला केल्सस नावाचा टीकाकार याच मुद्द्यावर बोट ठेवून म्हणतो की पाहिलं कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने. लूक तर प्रांजळपणे लिहितो की खुद्द प्रेषितांनाही बायांचं बोलणं वायफळ वाटलं. पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं ते शुभवर्तमानांच्याही आधी, पन्नासच्या दशकात. त्यात त्याने पुनरुत्थित प्रभू कोणाकोणाला दिसला याची यादी दिली आहे, आणि त्या यादीत एकाही बाईचं नाव नाही. तरी चारही शुभवर्तमानकारांनी बायांना जागच्या हलवलं नाही. हलवणं सोयीचं होतं.

आपल्या मराठीतही हे शास्त्र एका बाईने मुळातून आणलं. पंडिता रमाबाई केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल एकटीने मराठीत उतरवलं, सामान्य बाईला वाचता यावं म्हणून. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्या हातून ते काम पुरं झालेलं होतं. मी चर्चमध्ये पहिलं वाचन वाचायला उभी राहते तेव्हा मला त्यांची आणि मग्दालिया मरियेची आठवण येते. ‘जा आणि सांग’ हे किती लांबवर आलं.

बुधवारी अम्माऊसची वाट. दोघं जण यरुशलेम सोडून निघालेत, अकरा-बारा किलोमीटरवरच्या गावाला. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव दिलेलं नाही. अनोळखी वाटसरू सोबत येतो, आणि ते त्याला सगळं सांगतात, आणि मध्येच म्हणतात, आम्हाला आशा होती की इस्राएलला सोडवणारा तोच. आम्हाला आशा होती. दवाखान्याच्या बाकावर शेवटच्या आठवड्यात आम्ही भावंडं हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलत होतो. त्या वाटेवर येशू त्यांची समजूत काढत नाही. आधी तो त्यांना बोलू देतो, जे त्याला ठाऊक आहे तेच त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतो, आणि मगच शास्त्र उलगडतो. गाव आलं की पुढे निघाल्यासारखं करतो. त्यांनी आग्रह केला, दिवस कलला आहे, राहा आमच्याकडे, म्हणून तो थांबतो. भाकर मोडल्यावर त्यांना ओळख पटते, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. ते दोघं त्याच रात्री उठून आल्या वाटेने परत जातात.

थोमाला मात्र आठवडाभर थांबावं लागलं. बंद दाराआड येशू आला तेव्हा तो तिथे नव्हता, आणि इतरांच्या सांगण्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. त्याला अविश्वासू म्हणून आपण कायमची ओळख चिकटवली. याच थोमाने आधी, येशू जिवावर उदार होऊन यहुदियात परत निघाला तेव्हा, बाकीच्यांना म्हटलं होतं, चला, आपणही त्याच्याबरोबर मरू. जो असं म्हणू शकतो त्याचं दुःखही तसंच पक्कं असणार. त्याने चमत्कार मागितला नाही. त्याने जखमा मागितल्या. खिळ्यांचे व्रण दिसले नाहीत, कुशीत हात घातला नाही, तर माझा विश्वास बसणार नाही. आणि आठ दिवसांनी येशू आला तो जखमांसह आला. मरणावर जय मिळवलेलं शरीर, पण व्रण पुसलेले नाहीत. थोमाने हात घातला की नाही हे योहान सांगतच नाही. चित्रकारांनी घातलेला दाखवलाय. शास्त्रात तो फक्त म्हणतो, माझ्या प्रभू, माझ्या देवा. येशूला देव म्हणून थेट हाक मारणारं हे त्या शुभवर्तमानातलं एकमेव तोंड, आणि ते संशय घेणाऱ्याचं.

आपल्या देशाला थोमा परका नाही. केरळचे ख्रिस्ती इ.स. 52 पासून त्याचं नातं सांगतात, चेन्नईत मैलापूरला त्याची कबर दाखवतात. आमच्या वसईत सांडोरचं चर्च त्याच्याच नावाचं आहे. पण माझ्या मनात त्याची जागा त्या व्रणांमुळे आहे. बाबांच्या हातांना विळ्याचे जुने वण होते. शवपेटीत ते हात एकमेकांवर ठेवून, जपमाळ गुंडाळून दिली होती, आणि मी त्या वणांकडेच बघत होते. पुनरुत्थान म्हणजे सगळं पुसून कोरं करणं असतं, तर मला ते नको होतं. ज्या हातांना मी ओळखते तेच हात मला हवेत. योहानाच्या या पानाने मला पहिल्यांदा असं मागायची मुभा दिली.

शुक्रवारचं वाचन समुद्रकाठचं. गालीलचा समुद्र म्हणतात, पण आहे ते गोड्या पाण्याचं सरोवर, साधारण एकवीस किलोमीटर लांबीचं. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. पुनरुत्थान होऊन गेलं आहे, प्रभू दोनदा दिसलेला आहे, आणि हे लोक होडी काढतात. काय करायचं हे कळत नसलं की माणूस हाताला ठाऊक असलेल्या कामाकडे वळतो. बाबांनंतर माझा भाऊ तिसऱ्याच दिवशी वाडीत उतरला होता. रात्रभर जाळी टाकली, काही लागलं नाही. उजाडताना काठावर कोणीतरी उभा आहे. विचारतो, पोरांनो, खायला काही मिळालं का? उजवीकडे टाका जाळं. जाळं ओढवेना इतकं भरलं. योहानाने ओळखलं, प्रभू आहे. आणि पेत्राने अंगरखा चढवला आणि पाण्यात उडी टाकली. शंभर मीटरही अंतर नव्हतं, होडी येतच होती. पण होडी काठाला लागेपर्यंत त्याला दम निघेना, आणि उघड्या अंगाने समोर जाववेना. पेत्र सगळाच्या सगळा या एका ओळीत आहे.

मासे एकशे त्रेपन्न. या आकड्यावर मोठमोठ्या संतांनी डोकं खर्च केलं आहे. ऑगस्टिन म्हणतो, एक ते सतरा आकड्यांची बेरीज एकशे त्रेपन्न होते. जेरोम म्हणतो, माशांच्या तेवढ्या जाती त्या काळी मानल्या जात. असेल. मी पाचूबंदरला होड्या लागताना लहानपणापासून पाहिलंय. जाळं काठावर आलं की पाटीमागून पाटी भरून मोजणी होते, वाटे ठरतात, कोणाचा किती हिशेब लागतो. मला वाटतं त्या सकाळीही कोणीतरी सवयीने मोजले आणि आकडा डोक्यात राहिला. उठलेला प्रभू शेजारी बसलेला असताना मासे मोजणारा तो अनाम माणूस मला फार जवळचा वाटतो.

काठावर निखारे फुललेले होते, त्यावर मासे, आणि भाकर. प्रभूने स्वतः रांधलेलं होतं. या, न्याहारी करा, म्हणाला. निखाऱ्यांची अशी शेगडी योहानाच्या शुभवर्तमानात याआधी एकदाच येते: प्रमुख याजकाच्या अंगणात, गुरुवारच्या थंड रात्री, जिथे उभं राहून पेत्र हात शेकत होता आणि तीनदा म्हणाला होता, मी त्याला ओळखत नाही. आता पुन्हा निखारे, आणि न्याहारीनंतर तीनदा प्रश्न: शिमोना, माझ्यावर प्रेम करतोस का? येशू त्या रात्रीचा उल्लेख करत नाही. जाब विचारत नाही, माफीही मागायला लावत नाही. आधी खाऊ घालतो, मग विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं लिहिलं आहे, आणि वाटायलाच हवं होतं. पण प्रत्येक उत्तराला येशूकडून येतं ते काम: माझ्या कोकरांना चारा घाल, मेंढरं पाळ.

या पन्नास दिवसांत पहिलं वाचन जुन्या करारातून येत नाही, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून येतं, लूकनेच लिहिलेल्या पहिल्या मंडळीच्या हकिकतीतून. तीच भेदरलेली माणसं आता दारं उघडून बाहेर पडली आहेत. जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतात, गरजेप्रमाणे वाटून घेतात, मार खातात, तुरुंगात जातात. लगेच खोटंही बोलतात. जमिनीच्या पैशांतला काही भाग गुपचूप मागे ठेवणाऱ्या हनन्या आणि सप्पिरा या जोडप्याची गोष्ट लूक लपवत नाही. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं म्हणून कुरकुर होते आणि त्यावर तोडगा काढावा लागतो. पेन्टेकॉस्टच्या सुमारास आमच्याकडे आभाळ भरून यायला लागतं, नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचा सण असतो, आणि वाचनं त्या पहिल्या मंडळीची वाटचाल घेऊन थेट रोमपर्यंत पोहोचलेली असतात.

पेन्टेकॉस्टच्या आदल्या दिवशी सकाळच्या मिस्साला योहानाचा शेवटचा उतारा वाचतात, त्याच समुद्रकाठचा. पेत्राला क्षमा मिळाली आहे, काम मिळालं आहे, त्याचं मरण कसं असेल हेही प्रभूने सूचित केलं आहे. तो येशूबरोबर चालू लागतो आणि लगेच मागे वळून बघतो. तो दुसरा शिष्य, येशूचा लाडका, मागून येत असतो. पेत्र विचारतो, प्रभू, आणि याचं काय? एवढं सगळं होऊनही पेत्र पेत्रच राहिला आहे, आणि त्यामुळेच मला त्याचा भरवसा वाटतो. त्याचं काय ते मी बघेन, येशू म्हणतो, तू माझ्यामागे ये.